गाडी हलवू नका

“हलवू नका! गाडी अजिबात हलवू नका!” मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरूनच ओरडलो.

जीपवाल्याने ब्रेक दाबला खरा, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. जीपचा लोखंडी बंपर माझ्या गाडीच्या मागच्या दारात घुसला होता. घुसला म्हणजे काय, टेकला होता. वीतभर ओरखडा आणि पेरूएवढा पोचा. या गोष्टीला चौदा वर्षं झाली, पण त्या पोच्याचं माप मी आजही सांगू शकतो, कारण मापं घेणं हाच माझा धंदा होता. विमा कंपन्यांसाठी मी ठोकलेल्या मोटारी तपासायचो. सांगली-मिरजेत कुणाचा बंपर वाकला, काच फुटली, की त्याचे कागद शेवटी माझ्या टेबलावर यायचे. सर्व्हेअर घारपुरे आले म्हटलं की गॅरेजवाले तोंडावर चहा सांगायचे आणि पाठ वळली की शिव्या घालायचे. दोन्ही मला माहीत होतं आणि दोन्ही आवडायचं.

मिरजेतल्या त्या हॉस्पिटलच्या आवारात पन्नास गाड्यांची जागा होती आणि रोज यायच्या शंभर. त्यामुळे तिथे एक रीत पडून गेली होती. भिंतीलगत एक रांग सरळ लावायची आणि तिच्या तोंडाशी दुसरी रांग आडवी. आडव्या गाडीवाल्याने हँडब्रेक लावायचा नाही, गाडी न्यूट्रलला सोडून जायचं. मागच्याला निघायचं असलं की तो आडवी गाडी हाताने पुढेमागे ढकलून आपली वाट करून घेणार. कुणी कुणाला वरून बोलवायचं नाही. वर कुणाचं काय चाललेलं असेल, काय सांगावं. आवाराचा वॉचमन शिवाप्पा साठीचा होता. तो येणाऱ्या प्रत्येकाला तेवढं एकच सांगायचा.

माझी गाडी आडव्या रांगेत होती. जीप तिच्या मागे, भिंतीलगत.

जीपमधून चाळिशीचा एक माणूस उतरला. पायजमा, वर मळका नेहरू शर्ट, गळ्यात टॉवेल. जीप वडापची होती, खेड्यापाड्यांतून माणसं भरून नेतात तसली.

“सायेब, चुकलं माझं,” तो हात जोडून म्हणाला. “गाडी ढकलून बगितली, हलंना. म्हून कडंनं काढाय गेलो. आईला गावाकडं न्यायची हाय. जतच्या पल्याड गाव हाय आमचं. जित्ती हाय तवर घरात न्यायची हाय, सायेब. तुमास्नी तर ठावंच हाय.”

मी जीपच्या मागच्या बाजूला गेलो आणि आत पाहिलं. वारा लागावा म्हणून बाजूचे पडदे वर गुंडाळलेले होते. बाकावर गोधडी घालून एका म्हातारीला निजवलं होतं. तिचं डोकं एका बाईच्या मांडीवर होतं. ती जीपवाल्याची थोरली बहीण असावी, चेहरा तोच होता. म्हातारीच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि पायाशी छोटा सिलिंडर, टॉवेलने बाकाला बांधलेला. मास्कच्या आत वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. एप्रिल महिना होता, अकरा वाजले होते, आणि जीपचा पत्रा आतापासूनच तापला होता.

“नळकांडं अडीच तासाचं हाय,” तो माझ्या मागे उभा राहून म्हणाला. “वाट दोन तासाची हाय. तेवढी गाडी फुडं घ्या, सायेब. काय नुस्कान असंल ते मी भरून देतो. ह्यो बगा, नाव लिवून घ्या. सर्जेराव खोत.”

माणूस खोटं बोलत नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे केलं ते न कळून केलं असं कुणाला वाटू नये.

“लायसन्स दाखवा,” मी म्हणालो.

त्याने खिसे चाचपले. “घरात ऱ्हायलं बगा. रातच्याला आईचं इपरीत झालं, तसाच आलो.”

“लायसन्स नाही. मग पोलिसांना बोलवावं लागेल.”

किरकोळ अपघात झाल्यावर काय करावे, या विषयावर मी भाषणं द्यायचो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, महिला मंडळात, एकदा तर एका बँकेच्या स्नेहसंमेलनातही. एक पत्रक छापून घेतलं होतं, भाषण झालं की ते वाटायचो. पार्किंगमध्ये गाडीला गाडी लागली की लोक काय करतात? आधी भांडतात, मग गाड्या बाजूला घेतात, आणि मग कुणाची चूक होती हे सांगायला काही उरतच नाही. म्हणून आधी गाड्या आहेत तिथेच ठेवायच्या. फोटो काढायचे. समोरच्याचे कागद पाहायचे. कबुली तोंडी घ्यायची नाही, लिहून घ्यायची. लोक माना डोलवायचे, टाळ्या वाजवायचे आणि बाहेर पडताना कुणीतरी हमखास म्हणायचं, घारपुरेसाहेब, किती सोपं करून सांगितलंत हो.

मी जीपच्या खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. हे पत्रकात नव्हतं. पण आपल्याकडे रस्त्यावर काहीही झालं की आधी समोरच्याची किल्ली काढून घेतात, तेवढं करायला कुणी शिकवावं लागत नाही.

“सायेब!” सर्जेराव एवढंच म्हणाला.

मी मोबाइलवरून चौकीला फोन लावला. हवालदार पाठवतो म्हणाले. मग गाडीतून कॅमेरा काढला आणि फोटो घ्यायला लागलो. एक लांबून, दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असा. एक जवळून. एक खाली बसून. उन्हात तो ओरखडा नीट येईना म्हणून मी त्याच्यावर आपली सावली धरली. जीपमधली बहीण माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा होता, तो हलायचा थांबला नव्हता.

चार माणसं जमली. जमणारच. कुणाचा पेशंट सुटायचा होता, कुणी चहाला निघालं होतं. त्यांना प्रकार कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“ओ काका, जाऊ द्या की,” एक पोरगेला मास्तर वाटणारा माणूस म्हणाला. “गाडीचा पत्रा आहे, उद्या सरळ होईल. ती म्हातारी बघा.”

“तुमचा संबंध?” मी विचारलं.

“संबंध कसला? माणुसकीचा.”

“मग माणुसकीने बाजूला उभे राहा. साक्षीदार म्हणून नाव लिहायचं असेल तर सांगा.”

साक्षीदार म्हटल्यावर तो घड्याळ बघायला लागला. या शब्दाची ताकद मला ठाऊक होती. आपल्याकडे मदतीला दहा धावतात, पण साक्षीला नाव द्यायचं म्हटलं की प्रत्येकाची कुठेतरी वेळ झालेली असते.

तेवढ्यात शिवाप्पा आला. त्याने जीपकडे पाहिलं, माझ्या गाडीकडे पाहिलं, मग वाकून माझ्या गाडीच्या मागच्या काठाला खांदा लावून ती ढकलली. गाडी तसूभरही हलली नाही.

“ब्रेक लावलाय साहेब तुम्ही,” तो म्हणाला.

मी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला.

“महिना झाला सांगतोय की वो मी तुमाला. रोज सांगतो. नूट्रलला सोडा. तुम्ही रोज हूं म्हणता.” तो लोकांकडे वळला. “ह्यांचीच गाडी हलत नाही बघा. म्हणून त्या बिचाऱ्यानं कडेनं काढली.”

खरं होतं ते. मी रोज मान डोलवायचो आणि रोज हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, गाडी लॉक करून वर जायचो. गाडी तीन महिन्यांची होती. परक्या हातांनी ती ढकललेली मला नको होती. शिवाय ब्रेक न लावता सोडलेली गाडी म्हणजे मालकाचा निष्काळजीपणा, असं मीच कितीतरी रिपोर्टांत लिहिलेलं होतं. आता शिवाप्पाने चारचौघांत ते उघड केल्यावर माझा चेहरा गरम झाला. चूक कबूल करून बाजूला व्हायला ती वेळ उत्तम होती. दहा मिनिटंच गेली होती तोवर. म्हातारीकडे अजून वेळ होता.

“ब्रेक लावणं हा गुन्हा नाही,” मी म्हणालो. “उभ्या गाडीला धडक देणं हा आहे.”

“उचलून ठेवू या,” कुणीतरी म्हणालं. “सहा जणं असलो की उचलती.”

“हात लावून बघा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “पोलीस येईपर्यंत कुणी हात लावला तर पुरावा नष्ट केल्याची तक्रार देईन. एकेकाचं नाव घालीन त्यात.”

माणसं मागे सरली. मास्तर वाटणारा जमिनीवर थुंकला आणि निघून गेला. इतकी साधी, घाबरट, कोर्टकचेरीला भिणारी माणसं होती ती, आणि त्यांच्यापुढे मी एकटा शर्टाच्या खिशात किल्ली घालून उभा होतो.

सर्जेराव धावत आत गेला. हॉस्पिटलची अॅम्ब्युलन्स मिळते का बघायला. पाच-सात मिनिटांनी तसाच धावत परत आला. अॅम्ब्युलन्स कोल्हापूरला गेली होती. आईला पुन्हा वर नेऊन ठेवता का म्हणून विचारलं तर खाट दुसऱ्याला दिली होती. बाहेरची गाडी बघायला तो फाटकाबाहेर गेला. एक रिक्षावाला आला, जीपमध्ये डोकावला आणि जतचं नाव ऐकून निघून गेला. मी चौकीला दुसऱ्यांदा फोन केला. हवालदार निघालाय म्हणाले.

मग जीपमधून बहीण उतरली. आईचं डोकं तिने हलकेच गोधडीच्या वळकटीवर ठेवलं, पदर सावरला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. रडलेली नव्हती.

“दादा, तुमाला आई हाय का?” तिने विचारलं.

“होती.”

“कुटं गेली?”

“घरीच.”

“मग तुमाला सांगाय पायजे असं न्हाई. आमच्यात भाईर गेलेलं माणूस उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. अंगणातनंच नेत्यात. साठ वर्सं झाली आईला त्या घरात येऊन. बा गेला तवा भाईर दवाखान्यात गेला, त्याला दारातनंच न्हेला. तवाधरनं ती एकच बोलती. मला भाईर ठिवू नगासा. दुसरं काय मागिटलं न्हाई तिनं कदी. लुगडं न्हाई, डाग न्हाई. आमच्या आईनं, गोजराबाईनं, कदी काय मागिटलं असं गावात कुणी सांगनार न्हाई तुमाला.” ती एक पाऊल पुढे आली. “मी पाया पडू का तुमच्या? पडते.”

आणि ती खरोखर वाकली. मी मागे झालो. माझी पाठ माझ्याच गाडीला लागली.

“बाई, हा कायद्याचा भाग आहे,” मी म्हणालो.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. माझ्याकडून काही मिळणार नाही हे तिला समजलं होतं, आणि आता माझ्यावर आणखी वेळ घालवणं तिला परवडणारं नव्हतं. ती वळली आणि पुन्हा जीपमध्ये चढली.

हवालदार यायचा होता. तो आला नाही, त्या दिवशी कधीच आला नाही. मी तिसरा फोन केला तेव्हा कुणी उचलला नाही. पावणेबारा झाले होते. शिवाप्पा कुठून तरी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला आणि जीपच्या उन्हाकडच्या बाजूला सावली व्हावी म्हणून हातांनी धरून उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. मी वहीत आराखडा काढत होतो. भिंत, खांब, जीप, गाडी. बाण काढून दिशा दाखवत होतो.

“आये,” बहीण म्हणाली. मोठ्याने नाही. “आये, ए आये.”

मी वहीतून वर पाहिलं. मास्कच्या आत मघापासून वाफ धरत होती आणि विरत होती. आता काचेसारखा स्वच्छ झाला होता तो. सिलिंडरचा बारीक आवाज तेवढा चालू होता.

सर्जेराव मागून आत चढला. त्याने आईचा हात हातात घेतला, नाकाशी बोट धरलं, मग तसाच बसून राहिला. बहिणीने तोंड उघडलं. आता ही हंबरडा फोडणार आणि सगळं आवार गोळा होणार असं मला वाटलं. पण तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांनी आवळला. तिचे खांदे हलत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण आवाज बाहेर आला नाही. माणूस एवढं रडू आतल्या आत दाबू शकतं हे मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने सर्जेराव खाली उतरला. तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात बोलला.

“सायेब, आईला काय झाल्यालं न्हाई.”

मी वही मिटून काखेत धरली.

“ती घरात जाऊन जानार हाय. मास्क तसाच ऱ्हाऊ दे म्हनलंय आक्काला. नळकांडं बी चालू ऱ्हाऊ दे. गावात गेल्यावर चौघं मिळून आत घिऊ, मग रडू. हितं कुणाला कळलं तर परत वर नेत्यात, कागद करत्यात, गेल्याली येळ घालत्यात त्याच्यावर. मग गावात कळायचं ऱ्हात न्हाई.” त्याने टॉवेलने तोंड पुसलं. “तुमी काय बगितलं न्हाई. तेवडं करा.”

“नाही,” मी म्हणालो. “काही बघितलं नाही.”

“किल्ली द्या.”

मी खिशातून किल्ली काढून दिली. मग माझ्या गाडीत बसलो, हँडब्रेक सोडला आणि गाडी पुढे घेतली. दोन फूट घेतली असेल. त्याला तेवढीच लागत होती. बंपर दारातून सुटताना पत्रा कुरकुरला. जीप निघाली, शिवाप्पाने फाटक उघडून धरलं, आणि मागच्या पडद्याच्या फटीतून मला बहिणीचा हात दिसला. ती मेलेल्या आईला पुठ्ठ्याने वारा घालत होती.

जीप गेल्यावर शिवाप्पा माझ्या बाजूने गेला, पण थांबला नाही.

आता जे राहिलं ते सांगतो.

सर्जेराव मला पहिल्याच बोलण्यात म्हणाला होता, तुमास्नी तर ठावंच हाय. ते उगाच नव्हतं. त्या सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकाच वेळी बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ एक छोटी खोली होती, नातेवाइकांशी बोलायची. त्याचा नंबर आधी होता आणि मी दारातच उभा होतो. डॉक्टर त्याला म्हणाले, आता इथे ठेवून उपयोग नाही, काही तास आहेत, घरी न्यायचं तर आत्ता न्या. त्याने एकच प्रश्न विचारला. वाटंत तिला तरास हुईल का? डॉक्टर म्हणाले, नाही. त्याने सही केली, डॉक्टरांच्या पाया पडला आणि बाहेर येताना माझ्याकडे बघून मान हलवली. एकाच बाकावरची दोन माणसं हलवतात तशी.

मग माझा नंबर आला.

माझी बायको शैला महिनाभर तिथे होती. पोटाचा कॅन्सर. ती रोज एकच विचारायची, घरी कधी? घर काही जतच्या पलीकडे नव्हतं, सांगलीत विश्रामबागेला होतं, पंधरा मिनिटांच्या वाटेवर. तिला तिच्या पलंगावर झोपायचं होतं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाज ऐकायचे होते, असं म्हणायची. मी म्हणायचो, जरा बरं वाटू दे, मग जाऊ. डॉक्टर मला म्हणाले, “घारपुरे, आता इथे आम्ही काही करत नाही आहोत. आठ-दहा दिवस असतील. त्यांना घरी जायचंय, न्या. दुखण्याचं औषध मी देतो, सिस्टर रोज येऊन जाईल.” आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

तसलाच फॉर्म. त्याच टेबलावर.

मी म्हणालो, “बघतो.” फॉर्म घडी करून खिशात घातला, शैलाला औषध घेऊन येतो असं सांगितलं आणि जिना उतरलो. घरी न्यायचं म्हणजे ती मरणार हे आपल्या हाताने लिहून द्यायचं. माझ्याच्याने ते होईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नुकसानीवर सह्या केल्या आणि माझ्या वेळेला पेन उचलेना. आणि हा चौथी शिकलेला माणूस दोन मिनिटांत सही करून, आईला खांद्यावर घेऊन, जीप काढून चालला होता. तो निघाला असता तर मला लगेच वर जावं लागलं असतं. तो इथे अडकला होता तोवर मलाही कुठे जायचं नव्हतं. त्या पाऊण तासात मला एकदाही शैलाची आठवण करावी लागली नाही. मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. उन्हात उभं राहून त्या पोच्याचं माप घेताना महिन्याभरात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

मी वर गेलो तेव्हा साडेबारा होत आले होते. वॉर्डातली मावशी शैलाच्या खाटेशी उभी होती. शैलाला तिने उशांना टेकवून बसवलं होतं, खिडकीच्या बाजूला तोंड करून.

“कवापासनं बसवा म्हणत होत्या,” मावशी म्हणाली. “खाली कायतरी गलका चाललाय म्हणून.”

मी खिडकीपाशी गेलो. खाली आवार होतं, भिंत, खांब, शिवाप्पाची खुर्ची. माझी पांढरी गाडी होती. सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं.

“औषध मिळालं?” शैलाने विचारलं.

“नाही. दुकानात नव्हतं.”

बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, “अहो, ती जीपमधली बाई गेली ना?”

“घरी गेली.”

“तिच्या मुलीने तोंडात पदर घातला, तेव्हाच मला कळलं.”

मी स्टुलावर बसलो. माझ्या शर्टाला घामाचे ओघळ होते आणि खिशात तो घडी केलेला फॉर्म होता. आत्ता काढावा, असं वाटलं. पेनही तिथेच होतं. दहा मिनिटांत सगळं उरकलं असतं, एक वाजता ती तिच्या पलंगावर असती.

“आपल्याला डॉक्टर काय म्हणाले?” तिने विचारलं.

“थांबू म्हणाले. अजून काही दिवस थांबू.”

तिने माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने मला पुष्कळदा खोटं बोलताना पकडलं होतं, आणि दर वेळी हसून किंवा चिडून मला तसं सांगितलं होतं.

या वेळी “बरं,” एवढंच म्हणाली, आणि मावशीला खूण करून आडवी झाली.

त्यानंतर तिने मला घरी कधी, हे एकदाही विचारलं नाही. मी आपलं बरंच वाटून घेतलं. वाटलं, तिने मनाची समजूत घातली. जेवण किती गेलं, दुखतंय का, मुलीचा बेंगळुरूहून फोन आला का, असलं सगळं आम्ही बोलायचो. ती माझ्याशी फार नीट वागली त्या दिवसांत, परक्याशी वागावं तशी. अकराव्या दिवशी सकाळी, मी चहा घ्यायला खाली गेलो होतो तेव्हा ती गेली. त्याच खाटेवर.

दुपारी सामान आवरताना मावशीने तिची साडी, चष्मा, पाण्याचा तांब्या एका पिशवीत भरून ती माझ्या हातात दिली. मग ती घुटमळली.

“साहेब, सांगू का नको कळंना झालंय,” ती म्हणाली. “बाईंनी मला दोनदा विचारलं होतं. म्हणल्या, मावशी, तुझ्या वळखीत कुणाची जीप हाय का? सांगलीपतूरच जायचंय, म्हणल्या. मी म्हणलं, अवो साहेबांची गाडी हाय की खाली. तर म्हणल्या, त्यांना नको सांगूस.”